ट्रकचा ताप

माणसाला ताप आला की घर कसं गंभीर होतं. कोणी कपाळावर हात ठेवतं, कोणी पेज टाकतं, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही देऊ नये एवढं तारतम्य घरातल्या सर्वात उतावळ्या माणसालाही असतं. ट्रकला ताप आला की पहिल्यांदा हे तारतम्य सुटतं. कॅबिनखालून वाफ निघाली रे निघाली की सायकलवाला थांबतो, पानठेल्यावरचे तिघं चर्चा अर्धवट टाकून धावत येतात, आणि ज्याचा यंत्रशास्त्राशी संबंध बैलगाडीच्या वंगणापलीकडे कधी गेला नाही असा गृहस्थही कमरेवर हात ठेवून निर्वाळा देतो, “हेड गेलं!”

हे हेड कोणाचं, ते पूर्वी कुठे होतं आणि आता कुठे गेलं, हे विचारायचं नसतं. लग्नात ‘मुहूर्त टळला’ म्हणतात तसं ते म्हणायचं असतं. ऐकणाऱ्याच्या पोटात गोळा आला की म्हणणाऱ्याचं काम झालं.

आमचं सिहोरा हे तुमसर तालुक्यातलं गाव. तुमसरहून बपेऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर ते लागतं. बपेऱ्याला बावनथडी नदी, आणि नदीपलीकडे मध्य प्रदेश. भंडारा हा तळ्यांचा जिल्हा म्हणून प्रसिद्ध. जुने मालगुजारी तलाव आहेत, शेताशेतांतून बोड्या आहेत, हाकेच्या अंतरावर चांदपूरचा जलाशय आहे. एवढ्या पाण्याच्या गराड्यात एखादी गाडी पाण्यावाचून तापावी, हे म्हणजे हलवायाच्या घरात साखरेसाठी वाटी घेऊन फिरण्यासारखं झालं. पण तापली खरी. तीही चुल्हाडजवळ. चुल्हाड हे गावाचं नाव मी विनोदाच्या सोयीसाठी काढलेलं नाही. नकाशात पाहा, आहे.

आता तुम्ही म्हणाल, बँकेतल्या कारकुनाचा ट्रकच्या तापाशी संबंध काय? संबंध आहे, आणि तो कायदेशीर आहे. ट्रकच्या मागच्या फळीवर रंगाऱ्याने फुलं, मोर आणि एक वाघ काढलेला आहे, आणि वाघाच्या शेपटीखाली बारीक अक्षरांत आमच्या बँकेचं नाव आहे. म्हणजे मोर-वाघ मालकाचे, आणि बाकी बराचसा ट्रक आमचा. मालकभाऊ हे एकुलत्या ट्रकचे मालक, तेच ड्रायव्हर आणि वेळ पडली तर तेच हमाल. २०११ सालची गाडी त्यांनी जुनी म्हणून घेतली, हप्ते वेळेवर भरत आले, आणि २०२३ च्या मार्चमध्ये पहिल्यांदा चुकले. एप्रिलचाही चुकला. मेचाही चुकला.

बँकेकडेही एक थर्मामीटर असतो. त्याचा पारा दिवसांत मोजतात. हप्ता थकून तीस दिवस झाले की खात्याला कणकण, साठ झाले की ताप, आणि नव्वद दिवस उलटले की खातं ‘अनुत्पादक’. हा नव्वदचा नियम २००४ सालच्या मार्चअखेरीपासून आहे. त्याआधी एकशे ऐंशी दिवसांची मुभा होती, म्हणजे पूर्वीच्या लोकांना तापही निवांत येत असे. मालकभाऊंचा हप्ता ५ मार्चचा. २४ मे रोजी ऐंशी दिवस झाले. त्या दुपारी मॅनेजरसाहेबांनी मला बोलावून एक नोटीस हातात ठेवली आणि म्हणाले, “एक प्रत त्यांना द्या, दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. आणि गाडी खरंच बंद आहे की बंद असल्यासारखी आहे, तेही जरा पाहून या.”

गाडी खरंच बंद होती. मालकभाऊंच्या घरासमोर कडुलिंबाखाली उभी होती आणि तिच्याभोवती वैद्यकीय मंडळाची बैठक भरली होती.

“काय सांगू जी बाबूजी,” मालकभाऊ म्हणाले, “गाडी तपते. अडीचशे कट्टे टाकले का चुल्हाड येत नाई त काटा लालमंदी. पानी टाकून टाकून थकलो.”

अडीचशे कट्टे म्हणजे चाळीस किलोप्रमाणे दहा टन धान. उन्हाळी धानाचा हंगाम मेमध्येच सुरू होतो आणि ट्रकवाल्याची वर्षभराची कमाई अशा दोन-तीन हंगामांत होते. हंगाम सुरू, गाडी झाडाखाली. आतापर्यंतच्या उपचारांची जंत्री मालकभाऊंनी सांगितली ती ऐकून मला स्वतःलाच अंगात कसर वाटू लागली. एकाने थर्मोस्टॅट काढून टाकला होता. दुसऱ्याने रेडिएटर उतरवून नळ्यांतून सळया फिरवून दिल्या होत्या. तिसऱ्याने पाण्याचा पंप बदलला. चौथ्याने हिरवं कूलंट भरलं. ते उकळून सांडल्यावर क्लीनरने जवळच्या बोडीतलं पाणी भरलं, तेव्हा रेडिएटरमध्ये बेडकाची पिल्लंही गेली असावीत असा पानठेलेवाल्याचा संशय होता. पाचव्याने, आणि हा तालुक्याच्या ठिकाणचा नामांकित, सांगितलं होतं की हेड गेलं, इंजिन खोलावं लागेल, सव्वा लाख ठेवा.

सव्वा लाख. मालकभाऊंनी तो आकडा सांगितला तेव्हा त्यांची बायको दारात उभी होती. तिच्या हातांत काचेच्या बांगड्या होत्या. सोन्याच्या कुठे आहेत हे मला ठाऊक होतं. मार्चमध्ये, पंप बदलायच्या वेळी, त्या आमच्याच शाखेत तोलल्या गेल्या होत्या आणि पाकिटावर नंबर मी घातला होता.

“गाडी इकून टाकतो म्हन्तो,” मालकभाऊ म्हणाले. “नागपूरले कोनाच्या गाडीवर डायवर म्हनून जाईन. हप्ता त फिटंल.”

मी नोटीस खिशातच ठेवली. अशा वेळी माणसाच्या हातात देण्यासारखी ती वस्तू नव्हे.

एव्हाना मंडळाचं कामकाज पुढे सरकलं होतं. एस.टी.तून निवृत्त झालेले एक ड्रायव्हर म्हणत होते की पंखाच बारका आहे. शाळेचे एक मास्तर आकाशाकडे बोट दाखवून म्हणाले, उद्यापासून नवतपा सुरू, हवाच गरम आहे, गाडीने काय करावं? (नवतपा म्हणजे रोहिणी नक्षत्रात सूर्य शिरल्यानंतरचे नऊ दिवस. विदर्भात या दिवसांत माणसं सुद्धा काटा लालमध्ये घेऊनच हिंडतात.) एका तरुणाने मोबाइलवर एक व्हिडिओ लावला. त्यात कुणी परदेशी गृहस्थ बर्फात उभा राहून गाडी थंड कशी ठेवावी हे सांगत होता. कोणी चांदपूरच्या मारुतीला नारळ कबूल करा म्हणालं. माझ्या मते त्या दिवशीचा सर्वात निरुपद्रवी सल्ला हाच होता. नारळाने निदान इंजिनातलं काही काढून टाकावं लागत नाही.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. यंत्र पाहिलं की माझ्या मनात प्रथम जमाखर्च उभा राहतो. आणि खरं सांगायचं तर तापलेल्या इंजिनाचं शास्त्र हे जमाखर्चाचंच शास्त्र आहे. डिझेलमधून निघालेली उष्णता रुपया धरा. रुपयातले चाळीसेक पैसे चाकाकडे जातात, तेवढंच काय ते काम. तीस-पस्तीस पैसे सायलेन्सरमधून धुराबरोबर हवेत. उरलेले पंचवीस-तीस पैसे पाण्याच्या स्वाधीन केले जातात आणि पाण्याने ते रेडिएटरच्या खिडकीवर नेऊन वाऱ्याला रोख मोजून द्यायचे असतात. भरलेला ट्रक तासाला दहा लिटर डिझेल जाळत असेल तर सगळी उष्णता होते शंभर किलोवॅट. त्यातला पाण्याचा वाटा म्हणजे बाथरूममधले दोन किलोवॅटचे बारा-पंधरा गीझर एकाच वेळी लावल्यासारखा. हे सगळं पाणी तीसेक लिटर. खिडकी क्षणभर बंद झाली तर काय होईल ते सांगायला बी.कॉम. सुद्धा असण्याची गरज नाही.

म्हणजे तापलेली गाडी पाहून ‘उष्णता कुठून आली’ हा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही. ती यायचीच. विचारायचं ते असं की जाणारी उष्णता कुठे अडली? आमच्या मंडळाचा एकूण एक सभासद जमेची बाजू तपासत होता. खर्चाच्या बाजूला कोणी बोट लावलं नव्हतं.

या गोंधळात खुद्द डिझेलसाहेबही सापडले होते, हे वाचून मला फार बरं वाटलं. रुडॉल्फ डिझेल या जर्मन इंजिनिअरची मूळ कल्पना अशी की आपलं इंजिन इतकं हिशेबी चालेल की त्याला थंड करायची वेळच येणार नाही. १८९३ साली आउग्सबुर्गला त्यांनी पहिलं यंत्र उभं केलं ते पाण्याच्या वेष्टनाशिवाय. पुढे मुकाट्याने पाणी खेळवावं लागलं. १८९७ मध्ये रीतसर तपासणी झाली तेव्हा इंजिनाने रुपयातले सव्वीस पैसे कामी लावले आणि जगाने टाळ्या वाजवल्या. ज्याच्या नावाचं तेल आपण जाळतो त्यालाही ही खिडकी उघडावी लागली, तिथे आमच्या मालकभाऊंची काय कथा!

खिडकीचा शोध मात्र दुसऱ्याचा. विल्हेल्म मायबाख यांनी १९०० च्या सुमारास मर्सिडीज गाडीसाठी मधमाशीच्या पोळ्यासारखा रेडिएटर केला. त्यात सहा मिलिमीटर चौरस तोंडाच्या आठ हजार सत्तर नळ्या होत्या, मधून वारा जायचा आणि भोवती पाणी. आठ हजार सत्तर! मोजणारा नक्कीच कोणीतरी आमच्या बिरादरीतला असणार. सहा मिलिमीटर म्हणजे एक तांदूळ आडवा टाकला तर जेमतेम मावेल. हा तांदूळ मी उगाच मध्ये आणलेला नाही.

तर मंडळ बरखास्त होता होता एक म्हातारे मिस्त्री आले. त्यांची हयात डोंगरी बुजुर्गच्या मँगनीज खाणीतल्या गाड्या दुरुस्त करण्यात गेलेली. ते आले, बाजेवर बसले, पाणी प्याले आणि गाडीकडे पाठ करून त्यांनी मालकभाऊंना प्रश्न विचारायला सुरुवात केली. चांगल्या डॉक्टरची आणि चांगल्या ऑडिटरची खूण मी यावरूनच ओळखतो. वाईट माणूस आधी हात घालतो.

“कवापासून तपते?”

“होळीपासून, मिस्त्री बाबा.”

“खाली असली त?”

“खाली असताना पयले नव्हती तपत. आता थोडी थोडी तपते.”

“येकदम का हरू हरू?”

“हरू हरू वाढत गेलं.”

“होळीच्या पयले का भरत होता गाडीत?”

मालकभाऊ जरा थांबले. “भुसा. राइस मिलमधला. दोन-अडीच मयने भुसाच मारला, बॉयलरवाल्याले.”

भुसा म्हणजे धानाची टरफलं. मिस्त्रींनी मान हलवली आणि म्हणाले, “सकाळी येतो. इंजिन थंडं पायजे. कोनी हात लावू नका.” आणि चहा न घेता निघून गेले. मंडळ नाराज झालं. एवढ्या विद्वानांसमोर ‘उद्या पाहू’ म्हणणारा माणूस म्हणजे त्याला काही येत नसणार, असा ठराव पास झाला.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे २५ मे रोजी, नवतप्याच्या पहिल्या सकाळी मी बँकेच्या आधी तिथे हजर. मॅनेजरसाहेबांनी सांगितलेली पाहणी अपुरी राहिली होती असं मी घरी सांगितलं. “तुम्हाला पगार बँक देते ना?” असा प्रश्न घरून आला, पण तो तत्त्वज्ञानाचा प्रश्न असल्यामुळे मी थांबलो नाही.

थंड इंजिनावरच रेडिएटरचं झाकण उघडायचं, हे मिस्त्रींनी क्लीनरला बजावलं. या झाकणाचं काम घरच्या कुकरच्या शिट्टीसारखं. दाब धरून ठेवलं की पाणी शंभराऐवजी एकशे दहा-पंधरापर्यंत उकळत नाही. गरम असताना ते फिरवलं की दाब सुटतो आणि सगळं पाणी तोंडावर. क्लीनरच्या कोपरापासून मनगटापर्यंत जुना डाग होता. त्याला हे शास्त्र पाठ होतं, फक्त फार उशिरा शिकवलं गेलं होतं.

झाकण उघडून गाडी चालू केली. मिस्त्री आत पाहत राहिले. हेडचं गॅस्केट फुटलं असेल तर सिलिंडरमधली हवा पाण्यात शिरते आणि बुडबुडे येत राहतात. पाच मिनिटं झाली, दहा झाली. बुडबुडा नाही. मग तेलाची काडी काढली. तेलात पाणी मिसळलं असतं तर तेल दुधाच्या चहासारखं दिसतं. तेल काळंच होतं. सायलेन्सरमधून पांढरा धूर नाही.

“हेड नाई गेलं,” मिस्त्री म्हणाले.

हे तीन शब्द सव्वा लाखाचे होते. मालकभाऊ काही बोलले नाहीत. ते बाजेवर बसले आणि दोन्ही तळहातांनी तोंड पुसलं. दारातली सावली आत गेली आणि थोड्या वेळाने चहा बाहेर आला.

मग बाकीची तपासणी झाली. पट्टा अंगठ्याने दाबून पाहिला, ठीक. खालचा रबरी पाइप पिळवटतो का पाहिलं, नाही. झाकणाच्या आतलं रबर मात्र पापडासारखं कडक झालं होतं, ते बदलायचं ठरलं. मग मिस्त्रींनी गाडी रस्त्यावर काढायला लावली, चांगली गरम होऊ दिली, परत झाडाखाली आणली आणि चालूच ठेवून समोरची जाळी उघडली. पंखा इंजिनाच्या बाजूला, तो बाहेरची हवा समोरून आत ओढतो. जाळीतून पाहिलं तर सगळं लख्ख. वॉशिंगवाल्याने कालपरवाच धुतलं होतं.

“बाबूजी, येक कागद द्या,” मिस्त्री म्हणाले.

माझ्याजवळ कागद एकच होता. म्हणजे दोन, पण मजकूर एकच. मी क्षणभर घुटमळलो आणि नोटिशीची कार्यालयीन प्रत त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती न वाचता जाळीच्या जागी सपाट धरली आणि हात सोडला. पंखा भरधाव फिरत होता. कागदाने तिथे घट्ट चिकटून बसायला पाहिजे होतं. तो हळूच घसरला आणि क्लीनरच्या पायाशी पडला.

पुन्हा धरला. पुन्हा पडला. वरच्या कोपऱ्यात धरला, खालच्या कोपऱ्यात धरला. ‘आपणांस याद्वारे कळविण्यात येते की’ कुठेच चिकटायला तयार नव्हतं.

“हवा जाऊन नाई रायली,” मिस्त्री म्हणाले. “समोरून साफ, मंदात भरलं हाये.”

हे ‘मंदात’ समजावून घ्यायला मला थोडा वेळ लागला. टर्बोच्या गाडीत रेडिएटरच्या पुढे आणखी एक जाळी असते, तिला इंटरकूलर म्हणतात. टर्बो हवा दाबतो, दाबलेली हवा तापते, ती इंजिनात जाण्यापूर्वी थंड करायची ही सोय. दोन जाळ्या एकामागे एक, मध्ये बोटभर फट. समोरून धुणाऱ्याला पुढची जाळी दिसते, ती स्वच्छ. मागून पाहणाऱ्याला पंखा दिसतो. फट कोणालाच दिसत नाही. ज्याने रेडिएटर उतरवून नळ्यांत सळया फिरवल्या, त्याने नळ्यांच्या आतलं पाहिलं. बाहेरच्या पापुद्र्यांवर जे लिंपलं होतं ते तसंच परत बसवलं. सरकारी कचेरीत एका टेबलावरून फाइल गेलेली असते, दुसऱ्या टेबलावर आलेली नसते, आणि दोन्ही टेबलं स्वच्छ असतात. त्यातलाच हा प्रकार.

२७ मे हा चौथा शनिवार, बँकेला सुट्टी. मिस्त्रींनी इंटरकूलरचे बोल्ट सैल करून तो पुढे ओढला आणि मध्ये जे दिसलं ते पाहून पानठेलेवाला सुद्धा गप्प झाला. रेडिएटरच्या अंगावर भुशाची गादी चढली होती. टरफलं, धूळ, इंजिनाच्या तेलकट वाफेने बसलेला चिकटा, पाकोळ्यांचे पंख, आणि एका चॉकलेटचा कागद. इंटरकूलर रेडिएटरपेक्षा आखूड, त्यामुळे कडेने शिरलेलं तूस आत गेलं ते बाहेर येईना. जो भुसा मागे भरून दुसऱ्याचा बॉयलर तापवायला नेला, त्याने वाटेत स्वतःच्याच गाडीचा बॉयलर केला होता. एकूण दीड घमेलं निघालं.

वॉशिंग सेंटरवाला मोठा पाइप घेऊन पुढे सरसावला, त्याला मिस्त्रींनी असं काही झापलं की तो पाइप गुंडाळूनच उभा राहिला. जोराची धार मारली की पातळ पापुद्रे आडवे पडतात आणि खिडकी कायमची बंद. पंक्चरवाल्याकडची हवा घेतली, तीही बेताने, आणि इंजिनाच्या बाजूने बाहेर. जसा आला तसाच घालवायचा. मग पातळ धारेने पाणी, मग साबणाचं पाणी, मग पुन्हा हवा. चार तास लागले. या चार तासांत सल्ले बंद होते, कारण करण्यासारखं काम होतं. क्लीनर दात घासायच्या जुन्या ब्रशने कोपरे साफ करत होता आणि निवृत्त एस.टी. ड्रायव्हर घमेलं उचलत होते.

“थर्मास्टॅट कोठं हाये?” मिस्त्रींनी विचारलं.

तो काढून फेकलेला असेल असं मला वाटलं होतं. मालकभाऊंनी सीटखालच्या पेटीतून फडक्यात बांधलेली पुरचुंडी काढली. ज्याचे हप्ते फेडायचे आहेत त्या गाडीचा निरुपयोगी भागही माणूस टाकत नाही.

थर्मोस्टॅट हा पाण्याच्या वाटेवरचा दरवान. इंजिन थंड असेतो तो रेडिएटरची वाट बंद ठेवतो आणि पाणी आतल्या आत फिरवतो. पारा ऐंशीच्या आसपास गेला की वाट उघडतो. आपल्याकडे गाडी तापली की पहिली कुऱ्हाड या गरिबावर. ‘दार काढून टाका, पाणी मोकळं वाहील!’ ऐकायला पटतं. पण पुष्कळ इंजिनांत हा दरवान दोन दारं सांभाळतो. रेडिएटरचं दार उघडताना तो आतली आडवाट बंद करतो. त्याला हाकललं की आडवाट कायमची सताड उघडी, आणि बरंचसं पाणी रेडिएटरचं तोंडही न पाहता इंजिनात परत. काउंटरवरचा कारकून काढून टाकला तर रोकड लवकर जमा होईल असं मानण्यासारखंच हे. (असं मानणारे लोक आमच्या मुख्य कचेरीतही आहेत, पण तो वेगळा विषय.)

दरवान जिवंत आहे का हे पाहायला चहाच्या टपरीवर गेलो. टपरीवाल्याने कुरकुरत एक पातेलं दिलं. पाण्यात थर्मोस्टॅट दोऱ्याने लोंबकळत सोडला, खाली स्टोव्ह. पाणी कोमट झालं, चटका बसेल इतकं झालं, तो बंदच. कडेला बारीक बुडबुडे धरू लागले आणि पाणी उकळायच्या बऱ्याच आधी त्याने हळूच तोंड उघडलं. जमलेल्या मंडळींनी ‘उघडला, उघडला’ असा गजर केला. काकडआरतीला देवळाचं दार उघडल्यावर होतो तसाच. मिस्त्रींनी तो बाहेर काढला, थंड झाल्यावर मिटला, खिशात टाकला. टपरीवाल्याने त्या पाण्यात चहा करू नये एवढी दक्षता मी घेतली.

नवं झाकण, जुना थर्मोस्टॅट, स्वच्छ पाण्यात कंपनीने सांगितलेल्या प्रमाणात कूलंट. बोडीच्या पाण्याला मिस्त्रींनी बंदी केली. गढूळ पाण्यातला गाळ नळ्यांत बसतो आणि कूलंट नसलं की गंज धरतो. वाटेत गाडी तापलीच तर बाजूला घ्यायची, बंद करून अर्धा तास थांबायचं, आणि तापलेल्या इंजिनात थंड पाणी कदापि ओतायचं नाही, ओतीव लोखंड तडकतं. “मंग हेड खरंच जाते,” ते म्हणाले. गाडी चालू करून गरम होऊ दिली आणि त्यांनी माझ्याकडे हात केला. मी नोटीस दिली. कागद समोर धरला मात्र, हातातून सुटून थप्पकन जाळीला बसला. चारी कोपरे चिकटलेले. क्लीनरने ओढून पाहिला तर निघेना.

रविवारी, २८ तारखेला, भर दुपारी अडीचशे कट्टे भरून तुमसरकडे निघालो. मिस्त्रींचा आग्रह की परीक्षा घ्यायची तर उन्हात. सकाळच्या गारव्यात कोणतीही गाडी गुणी असते. कॅबिनमध्ये मालकभाऊ, मिस्त्री, क्लीनर आणि मधल्या पेटीवर मी. बाहेर रस्ता पांढरा झालेला, आत आमची चौघांची नजर एका काट्यावर. मालकभाऊ रस्त्याकडे किती वेळ पाहत होते हे मी हिशेबात धरलेलं नाही. धरलं असतं तर उतरलो असतो. काटा चढला. अर्ध्यावर आला. अर्ध्याच्या थोडा वर गेला तेव्हा क्लीनरने देवाचं नाव घेतलं. मग काटा थबकला, जरा खाली आला आणि तिथेच बसला, जसा एखादा वरिष्ठ अधिकारी खुर्चीत बसतो, निवृत्तीपर्यंत. तुमसर येईपर्यंत कोणी बोललं नाही. वजनकाट्यावर गाडी उभी राहिल्यावर मालकभाऊंनी इंजिन बंद केलं, स्टिअरिंगवर हात ठेवला आणि मिस्त्रींना म्हणाले, “बाबा, किती देऊ जी?”

मिस्त्रींनी सहाशे घेतले. झाकणाचे पैसे वेगळे. मला वाटलं दोन हजार तरी मागायला हवे होते, पण मी कर्जदाराच्या बाजूने बसलेलो होतो की बँकेच्या, हे त्या क्षणी नक्की सांगता आलं नसतं.

१ जूनला, अठ्ठ्याऐंशीव्या दिवशी, मालकभाऊ काउंटरवर आले. तीन खेपांचं भाडं हातात आलं होतं. मार्चचा हप्ता भरला. खात्याचा पारा खाली आला. बाकीचे दोन हप्ते हंगाम संपेतो भरायचे, आणि बांगड्यांचं पुढे पाहायचं, असं ठरलं. भुसा भरायचा असला की हल्ली ते रेडिएटरसमोर मच्छरदाणीचा तुकडा ताणून बांधतात आणि दर खेपेला झटकतात. दाणी कोणाची फाडली हे विचारू नका. क्लीनर डासांबद्दल तक्रार करतो.

पाहणीचा अहवाल मी लिहिला. छापील नमुन्यात ‘तारण मालमत्तेची सद्यःस्थिती’ असा रकाना आहे आणि त्यात दीड इंच जागा आहे. ‘वाहन चालू स्थितीत’ एवढंच मावलं. नोटिशीची प्रत फाइलला लावली. पुढे ऑडिटर आले तेव्हा त्यांनी ती उचलून उजेडात धरली. कागदावर एका बाजूने तेलकट आडव्या रेघा उमटल्या होत्या आणि मध्ये एक टरफल चिकटलेलं होतं.

“यावर कर्जदाराची पोच कुठे आहे?” त्यांनी विचारलं.

“कर्जदाराची नाही साहेब,” मी म्हणालो, “गाडीची आहे.”